मे महिन्यातले कॉलेज: उन्हाळी वर्गांचा एक आढावा

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत मे महिना कोणाच्याच वाट्याचा नसतो. सत्रपरीक्षा आटोपतात, प्राध्यापक केंद्रीय मूल्यांकन केंद्रात ('कॅप') उत्तरपत्रिका तपासायला जातात, वसतिगृहाची मेस बंद होते, प्रयोगशाळेला कुलूप लागते. विद्यार्थ्यांच्या वाटा मात्र याच महिन्यात फुटतात. कोणी गावी जाऊन खरिपाच्या मशागतीला हात लावतो, कोणी लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जातो, कोणी क्लासची 'व्हेकेशन बॅच' लावतो, कोणी राहिलेल्या विषयाचे पुस्तक पुन्हा उघडतो. मोजके काही जण एखाद्या संशोधनसंस्थेत दोन महिने काढून येतात आणि आपण पुढे काय करायचे ते ठरवूनच परततात.

या आठवड्यांत कॉलेजने शिकवावे का, विद्यार्थ्याने शिकावे का, आणि शिकायचे तर काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'उन्हाळी सत्र' हा शब्द पदवी अभ्यासक्रमाच्या नियमांत आला आहे, त्यामुळे हा प्रश्न आता प्रत्येक कॉलेजच्या दारात उभा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. उन्हाळी वर्गाचे सामर्थ्य एका गोष्टीत आहे: तेव्हा विद्यार्थ्यापुढे एकच विषय असतो. ही गोष्ट ओळखून वर्ग आखला तर मागे पडलेला विद्यार्थी सावरतो आणि पुढे जाऊ पाहणाऱ्यालाही वाट मिळते. ती विसरून फक्त अभ्यासक्रम उरकायला सुट्टी वापरली, तर विश्रांतीही जाते आणि विद्याही पदरात पडत नाही.

पद्धत कुठून आली

विद्यापीठाने उन्हाळ्यात वर्ग भरवण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत रुजली. हार्वर्ड विद्यापीठ आपल्या उन्हाळी शाळेचा आरंभ १८७१ पासून मोजते. १८७३ मध्ये लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीज बेटावर शिक्षकांसाठी शाळा काढली. समुद्रातले जीव स्वतः गोळा करायचे, त्यांचे विच्छेदन करायचे, जे डोळ्यांना दिसले तेच लिहायचे, अशी तिथली रीत होती. स्त्रियांनाही तिथे प्रवेश होता. अगासी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारले आणि शाळा दोनच उन्हाळे चालली. पण त्या पहिल्या उन्हाळ्यात तिथे शिकलेले डेव्हिड स्टार जॉर्डन पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठी रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा सुरू झाला आणि पाहता पाहता प्रौढ शिक्षणाची ती मोठी चळवळ बनली. शटॉक्वात हिब्रू शिकवणारे विल्यम रेनी हार्पर पुढे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये विद्यापीठ सुरू करताना त्यांनी वर्षाचे चार समान भाग पाडले आणि उन्हाळ्याला इतर तीन भागांच्या बरोबरीचा दर्जा दिला.

या सुरुवातीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की उन्हाळी वर्गांचे पहिले विद्यार्थी बहुतांशी शिक्षक होते. वर्षभर नोकरी करणाऱ्या माणसाला विद्यापीठाचे दार उघडे मिळावे, यासाठी ही सोय जन्माला आली. ज्याला एरवी शिकता येत नाही त्याच्यासाठी उन्हाळा, हे तिचे मूळ प्रयोजन होते.

पुण्यात त्याच काळात, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिला परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी जाणत्या माणसाने एखादा विषय मांडायचा आणि गावाने तो ऐकायचा, एवढीच तिची योजना. वक्तृत्वोत्तेजक सभेने ती आजवर चालवली आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी तिचा कित्ता गिरवला. पुढे १९५०च्या दशकात पुण्याच्याच डेक्कन कॉलेजमध्ये भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या. आधुनिक भाषाविज्ञान भारतीय विद्यापीठांत पसरवण्यात या शाळांचा मोठा वाटा आहे. उन्हाळ्यात गंभीरपणे शिकणे ही आपल्याकडे परकी कल्पना नाही. पदवीच्या साध्या विद्यार्थ्यापर्यंत मात्र ती अजून पोचलेली नाही.

एका वेळी एक विषय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने सत्र ९० कार्यदिवसांचे असते. त्यात विद्यार्थी पाच-सहा विषय, प्रात्यक्षिके, अंतर्गत परीक्षा आणि सादरीकरणे सांभाळतो. सोमवारी ऐकलेल्या मुद्द्यावर गुरुवारी पुढचा तास होतो, मधल्या दिवसांत चार वेगळे विषय डोक्यावरून जातात. शंका विचारायची राहते, मग शंका होती हेही विसरते.

उन्हाळी वर्गात ही साखळी तुटत नाही. आज झालेली चूक उद्या सकाळी दुरुस्त होते. शिक्षकाला सलग दोन-तीन तास मिळतात, त्यामुळे प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागत नाही. भूगोलाचा वर्ग नदीकाठी जाऊ शकतो, वनस्पतिशास्त्राचा वर्ग रानात. वर्गात माणसे थोडी असली की शिक्षकाला प्रत्येकाची अडचण नावानिशी ठाऊक होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजने १९७० पासून सारे वर्षच या तत्त्वावर बेतले आहे: तिथे विद्यार्थी साडेतीन आठवडे एकच विषय शिकतो, तो संपवतो आणि मग पुढचा घेतो. अशा घट्ट अभ्यासक्रमांची नेहमीच्या सत्राशी तुलना करणारे संशोधनही अमेरिकेत बरेच झाले आहे. थोड्या आठवड्यांत शिकलेले विद्यार्थी मागे पडत नाहीत, कित्येकदा थोडे पुढेच असतात, असा त्याचा एकूण सूर आहे. मात्र उन्हाळ्यात स्वतःहून नाव नोंदवणारा विद्यार्थी मुळातच जास्त निश्चयी असतो, हे या निष्कर्षांकडे पाहताना ध्यानात ठेवले पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यातून निघालेले निरीक्षण पुढच्या असंख्य प्रयोगांत टिकून राहिले. म्हणजे मे महिन्यात झपाट्याने शिकलेले जून-जुलैत पुन्हा हाताळले नाही, तर गणपतीपर्यंत त्यातले फार काही उरणार नाही.

म्हणून विषयाची निवड महत्त्वाची ठरते. रोजच्या सरावाने पक्के होणारे विषय उन्हाळ्याला मानवतात: नव्या भाषेची पहिली पायरी, संगणकाची आज्ञावली लिहिणे, प्रयोगशाळेतली तंत्रे, सर्वेक्षण, चित्रपट पाहून त्यावर बोलणे. सावकाश वाचून मुरवायचे विषय मात्र या वेगात घुसमटतात. तत्त्वज्ञानातला अवघड ग्रंथ किंवा सात-आठ कादंबऱ्यांची अभ्यासपत्रिका सहा आठवड्यांत संपवता येते, पण त्यावर विचार करायला उसंत राहत नाही.

तासांचा हिशेब

विद्यार्थी इथेच सर्वाधिक फसतो, म्हणून जरा थांबून आकडे मांडू. आपल्याकडच्या नव्या पदवी आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. चार श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे ६० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तो आठवड्याला चार तास घेतो. तोच विषय सहा आठवड्यांत बसवला की आठवड्याला दहा तास होतात, म्हणजे पाच दिवस रोज दोन तास. वर्गातल्या एका तासामागे घरी दीड ते दोन तास धरले, तर एकाच विषयाला आठवड्याचे पंचवीस ते तीस तास लागतात.

याचा अर्थ एका उन्हाळी विषयासोबत अर्ध्या दिवसाचे काम किंवा घरची जबाबदारी निभावता येते. दोन विषय घेतले की पन्नास-साठ तासांचा आठवडा होतो आणि तीन घेणारा विद्यार्थी कोणताच विषय शिकत नाही. चार दिवसांचा ताप किंवा घरचे लग्न नेहमीच्या सत्रात भरून काढता येते. सहा आठवड्यांच्या वर्गात चार दिवस बुडाले तर विषयाचा जवळजवळ सातवा हिस्सा गेला. नाव नोंदवण्यापूर्वी मे-जूनचे कौटुंबिक कॅलेंडर पाहणे यासाठीच गरजेचे आहे.

राहिलेला विषय

उन्हाळी वर्गाची सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी गरज एटीकेटी लागलेल्या, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, विद्यार्थ्याला असते. अभियांत्रिकीचे उदाहरण घ्या. गणिताचा 'एम-वन' राहिला असताना विद्यार्थी 'एम-टू' शिकतो, मग 'एम-थ्री'त जातो. ज्या पायावर पुढची भिंत उभी राहायची तो पाया कच्चा असतो, आणि जुन्या विषयाची परीक्षा नव्या सत्राच्या परीक्षांच्या गर्दीत द्यावी लागते. एका विषयाचे अपयश असे तीन विषयांत झिरपते. त्यात तो विद्यार्थी पुष्कळदा पहिल्या पिढीतला शिकणारा असतो, बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेला असतो, आणि आपल्याला गणित जमत नाही असा कायमचा ग्रह करून घेतो.

काही स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयांनी उन्हाळी सत्र किंवा लगोलग पुनर्परीक्षा सुरू करून ही कोंडी फोडली आहे. पण केवळ परीक्षा पुन्हा घेणे आणि विषय पुन्हा शिकवणे यांत फार अंतर आहे. ज्याला पहिल्या खेपेस समजले नाही त्याला पंधरा दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका देऊन काय साधणार? त्याला वेगळ्या पद्धतीने, कमी विद्यार्थ्यांच्या वर्गात, आपल्या भाषेत शंका विचारायची मुभा देऊन शिकवावे लागते. आठवड्याला दहा तास एकच गणित केले की भीती मोडते, कारण रोज थोडे यश हाती लागते. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या साध्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत असा वर्ग आजही विरळा आहे.

संशोधनाची पहिली ओळख

उन्हाळी शिक्षणाचा आपल्याकडचा सर्वांत समृद्ध भाग विज्ञान आणि गणितात आहे. १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक एस. कुमरेसन यांनी 'एमटीटीएस' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचे पाठबळ त्याला मिळाले. देशभरातले पदवी आणि पदव्युत्तर पातळीचे निवडक विद्यार्थी साधारण चार आठवडे एकत्र राहतात. फळ्यावरचे उतरवून घेण्याला तिथे किंमत नाही. शिक्षक प्रश्न विचारत राहतो, विद्यार्थी फळ्याशी जाऊन अडखळत उत्तर रचतो, आणि एखाद्या व्याख्येवर अख्खा तास गेला तरी कोणाला घाई नसते. गणितासारखा सावकाशीचा विषय चार आठवड्यांत कसा शिकवता येतो, याचे उत्तर इथे मिळते: विषयाचा आवाका कमी करून खोली वाढवायची. उन्हाळी वर्ग आखणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे तत्त्व समोर ठेवावे असे मला वाटते.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा उपक्रम सुरू केला. सुट्टीतल्या शिबिरात ओळख करून द्यायची आणि मग निवडक विद्यार्थ्यांकडून दीर्घ प्रकल्प करून घ्यायचा, अशी त्याची बांधणी आहे. उन्हाळ्यात शिकलेले वर्षभर हाताळत ठेवण्याची ही युक्ती विस्मरणावरचा नेमका उतारा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुट्टीतल्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन कार्यक्रम असतो. पुण्यात १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आयुकात खगोलशास्त्राची उन्हाळी शाळा आणि विद्यार्थी-प्रकल्प चालतात. देशाच्या पातळीवर तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तीत विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि त्याला विद्यावेतनही मिळते.

या कार्यक्रमांनी किती तरी मुलांचे आयुष्य वळवले आहे. पण त्यांच्या जागा थोड्या आणि वाटा अनेकांना अज्ञात. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावे लागतात. ज्या विद्यार्थ्याला हे मार्चमध्ये कळते त्याचा उन्हाळा हुकलेला असतो. अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि ज्या कॉलेजात असे पत्र कोणी कधी लिहिलेच नाही तिथला हुशार मुलगा शिक्षकाकडे जायलाच कचरतो. नांदेड, गडचिरोली, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या सूचनाफलकावर दिवाळीच्या सुमारास या कार्यक्रमांची यादी लागली पाहिजे. त्याला एक कागद आणि एक जागरूक शिक्षक एवढेच लागते.

भाषा, लिपी, सिनेमा, संगणक

मानव्यविद्यांमध्ये उन्हाळ्याला साजेसे असे खूप काही महाराष्ट्रात आहे. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा पुण्यातला चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी वर्ग १९७०च्या दशकापासून नावाजलेला आहे. सतीश बहादूर आणि पी. के. नायर या दोघांनी तो घडवला. पडद्यावर रोज जगभरचे चित्रपट, मग त्यांची चर्चा, आणि भोवती वेगवेगळ्या वयांचे व पेशांचे सहाध्यायी. महाराष्ट्रात फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या कित्येकांची दृष्टी या वर्गाने घडली आहे.

मोडी लिपी ही आणखी एक सुरेख शक्यता. पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतरही काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, त्यानंतर कागद वाचण्याचा रियाज लागतो. राज्यभरच्या दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग वाचकाची वाट पाहत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक उन्हाळा मोडीला दिला, तर पुढची अनेक वर्षे त्याला अस्सल साधने स्वतः वाचता येतील. जर्मन किंवा जपानी भाषेची पहिली पायरी, संस्कृत संभाषणाचे दहा दिवसांचे शिबिर हीदेखील याच जातीची उदाहरणे.

आणि सामान्य मराठी घरात सुट्टीतला वर्ग म्हटले की काय आठवते? टायपिंग, टॅली आणि एमएस-सीआयटी. पूर्वी तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजी तीस, मराठी तीस, मग चाळीस अशा परीक्षा देत पिढ्याच्या पिढ्या नोकरीला लागल्या. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी आणली आणि गावोगावच्या मुलांचा संगणकाशी पहिला परिचय बहुधा एखाद्या उन्हाळ्यातच झाला. विद्यापीठाने या वर्गांकडे कधी बरोबरीच्या नात्याने पाहिले नाही. पण रोज ठरलेली वेळ, एकच कौशल्य, हाताने सराव आणि शेवटी उपयोगी पडणारे प्रमाणपत्र ही त्यांची घडण उन्हाळी शिक्षणाच्या उत्तम नियमांशी जुळते. कॉलेजांनी यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

दूरस्थ वर्गांबद्दल एवढेच सांगायला हवे: २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम' मंचावरचे आणि एनपीटीईएलचे बहुतेक श्रेयांकाचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांत चालतात, म्हणजे नेमक्या मोकळ्या आठवड्यांत ते नसतात. जुनी व्याख्याने मात्र केव्हाही फुकट पाहता येतात. जुलैत घ्यायच्या विषयाची पूर्वतयारी म्हणून ती उत्तम. फक्त एकट्याने पाहण्यापेक्षा चार मित्रांनी रोज सकाळी एकत्र बसून पाहिली आणि गणिते सोडवली, तर ती शेवटपर्यंत पाहून होतात.

धोरणाने काय दिले, काय राहिले

अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात उन्हाळी सत्राची स्पष्ट तरतूद आहे. सत्र आठ आठवड्यांचे असेल, त्यात आंतरवासिता किंवा व्यावसायिक शिक्षण घेता येईल, आणि मनुष्यबळ व विद्यार्थिसंख्या पाहून कॉलेज नेहमीचे विषयही जलद गतीने शिकवू शकेल, जेणेकरून राहिलेले विषय पूर्ण होतील किंवा जास्तीचे घेता येतील. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका घ्यायची असेल, तर उन्हाळी सत्रात चार श्रेयांकांचे व्यावसायिक काम पूर्ण करणे आवश्यक आहे. मिळवलेले श्रेयांक जमा ठेवायला २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक बँक आहे.

कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात तीन अडचणी आहेत. पहिली वेळापत्रकाची. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा लांबत मेपर्यंत जातात, निकाल त्यानंतर लागतात आणि जूनच्या मध्यावर नवे वर्ष सुरू होते. आठ आठवडे उरतातच कुठे? निकालच हाती नसेल तर कोणता विषय राहिला हे विद्यार्थ्याला कसे कळणार?

दुसरी अडचण शिक्षकांची, आणि ती मला सर्वांत बोचते. राज्यातल्या कॉलेजांचे बरेचसे अध्यापन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते, म्हणून उन्हाळ्यात त्यांचे उत्पन्न थांबते. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली ही माणसे मे महिन्यात दुसरे काही काम शोधतात. एकीकडे शिकायला हवे असलेले विद्यार्थी, दुसरीकडे शिकवू शकणारे आणि कामाची गरज असलेले शिक्षक, आणि मध्ये कुलूप लावलेली इमारत. या शिक्षकांना योग्य मानधन देऊन उन्हाळी सत्र त्यांच्याकडे सोपवले, तर एका निर्णयात दोन प्रश्न सुटतील. फुकट राबवून घ्यायचे असेल, तर मात्र हे सत्र न भरवलेलेच बरे.

तिसरी अडचण उन्हाची. चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात ते याच कारणाने. तिथे वर्ग सकाळी सातला सुरू होऊन दहाला संपला पाहिजे, पाण्याची आणि सावलीची सोय हवी, आणि दुपारी मुलांना ग्रंथालयाचा थंड कोपरा उपलब्ध असावा. कोकणातले वेळापत्रक नागपूरवर लादू नये.

सुट्टी कोणाला परवडते

उन्हाळी वर्गांची चर्चा करताना आपण गृहीत धरतो की विद्यार्थ्याकडे रिकामा वेळ आहे. ज्याची फी मे महिन्याच्या मजुरीतून भरली जाते, त्याच्याकडे असा वेळ नसतो. त्याला वर्ग फुकट दिला तरी बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च राहतोच. परिणाम असा की ज्याला आधीच सगळे मिळाले आहे त्याला सुट्टीत आणखी मिळते, आणि जूनमध्ये दोघे एकाच बाकावर बसतात तेव्हा त्यांच्यातले अंतर वाढलेले असते.

याच्यावर उपाय आहेत, आणि त्यातला एक आपल्याच मातीतला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही कल्पना आज विद्यापीठांतही राबवली जाते. ती उन्हाळी सत्राला जोडावी: सकाळी वर्ग, नंतर ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, रोपवाटिकेत ठरलेल्या तासांचे वेतनाचे काम. वसतिगृहाची एक मेस सुरू ठेवावी. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने चालतात, त्यांत उन्हाळी सत्राचे शुल्क आणि निर्वाह धरला जावा. अमेरिकेनेही हे करून पाहिले आहे. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान तिथे २०१७ पासून पुन्हा उन्हाळ्यातही वापरता येऊ लागले आणि पात्र विद्यार्थ्याला वर्षभराच्या रकमेच्या दीडपटीपर्यंत मदत मिळण्याची वाट खुली झाली. सरकारने पैसे ठेवल्याशिवाय उन्हाळी शिक्षण सर्वांचे होत नाही, हा त्यातला धडा.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी

पुणे-मुंबई-नागपूरहून दरवर्षी पुष्कळ मुले अमेरिकेत शिकायला जातात. त्यांच्यासाठी उन्हाळ्याचे गणित वेगळे आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला उन्हाळा ही वार्षिक सुट्टी असेल तर वर्ग घेण्याची सक्ती नसते, पण ज्याचे शिक्षणच उन्हाळी सत्रात सुरू होते त्याला पूर्ण वेळ नाव नोंदवावे लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, सुट्टीत पूर्ण वेळ. बाहेरच्या कंपनीत आंतरवासिता करायची तर अभ्यासक्रमाशी जोडलेली परवानगी लागते, साधारणतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर ती मिळते, आणि त्यासाठी कित्येक विद्यापीठांत उन्हाळ्यात एखादा श्रेयांक विकत घ्यावा लागतो. ही परवानगी पूर्ण वेळ बारा महिने वापरली, तर त्या पदवीनंतरच्या प्रत्यक्ष कामाचा हक्क गमावला जातो.

उन्हाळी शुल्क बहुधा दर श्रेयांकामागे आकारले जाते, त्यामुळे 'एक सत्र वाचले' याचा हिशेब डॉलरमध्ये मांडून पाहावा. तिथलेच पदवी विद्यार्थी पुष्कळदा उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस किंवा रसायनशास्त्र स्वस्तात पूर्ण करतात. तसे करायचे असेल, तर आपले विद्यापीठ ते श्रेयांक स्वीकारेल असे आधी लेखी घ्यावे.

विद्यार्थ्याने काय करावे

दिवाळीच्या सुट्टीत एक कागद घेऊन बसावे. माझा कोणता विषय कच्चा आहे, आणि पुढच्या वर्षी तो कशाच्या आड येईल? असा विषय असेल तर उन्हाळा त्याला द्यावा, बाकी सगळे बाजूला ठेवावे. पाया पक्का असेल तर नेहमीच्या सत्रात जे कधीच करता येणार नाही ते निवडावे: प्रयोगशाळा, मोडी, नवी भाषा, एखाद्या गावाचे सर्वेक्षण. फक्त श्रेयांक वाढतात म्हणून विषय घेऊ नये. पदवी सहा महिने लवकर मिळवण्याची घाई करण्यासारखे त्यात फार काही नाही. वर्ग कोण शिकवणार, किती जण असणार, शंका कधी विचारता येणार, हे आधी विचारावे. आणि वर्ग संपल्यावर जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून दोन तास त्याच विषयाला राखून ठेवावेत, तरच तो आपला होतो.

वर्षभर परीक्षांनी पिचलेल्या मुलाला विश्रांतीचीही गरज असते, हे पालकांनी मान्य करावे. सहा आठवडे वर्ग असेल तर आधी किंवा नंतर दहा-बारा दिवस पूर्ण मोकळे हवेतच. गावी जाणे, आजीजवळ बसणे, पोहणे, मनाला येईल ते वाचणे यांचीही त्याच्या घडणीत जागा आहे.

कॉलेजांना एकच विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन वर्ग आखा: जो विषय तुमच्याकडे सर्वाधिक मुलांचा राहतो त्याचा एक, आणि तुमच्या सर्वांत उत्साही शिक्षकाला जे वर्षभर शिकवता येत नाही त्याचा एक. प्रत्येकात पंचवीस-तीस मुले घ्या, शिकवणाऱ्याला मानधन द्या, सकाळची वेळ धरा, एक मेस चालू ठेवा आणि निकाल त्याआधी लावा. नियमात जागा आहे, खोल्या आहेत, शिकवणारी माणसे आहेत. नापास झालेल्या मुलीला जुलैत पास होऊन पुढच्या वर्गात बसता आले, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला पहिला खरा प्रयोग स्वतःच्या हाताने करता आला, तर महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी उन्हाळा सार्थकी लावला असे म्हणता येईल.